चिमुकल्या रुळांचा मुलूख

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी सुमारें त्रेपन्न मैलांवर डिडकॉट या जंक्शनला येते. हा मार्ग मूळचा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा. इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या विख्यात स्थापत्यविशारदानें तो आंखला, आणि १८४१ सालीं लंडनपासून ब्रिस्टलपर्यंत तो सलग सुरू झाला. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटण्याला तेव्हां अजून बारा वर्षांचा अवकाश होता. डिडकॉटच्या पुढें स्विंडनकडे जातांना डाव्या हातास खडूच्या मातीच्या टेकड्यांची एक लांबच लांब ओळ दिसते. त्यांपैकीं एकीच्या उतारावर, हिरवळ खरवडून, कोण्या प्राचीन लोकांनीं सुमारें ३००० वर्षांपूर्वीं ११० मीटर लांबीचा एक पांढरा घोडा काढून ठेविला आहे. त्यावरून पायथ्याच्या प्रदेशास 'पांढऱ्या घोड्याचें खोरें' असें नांव पडलें. पुष्कळ प्रवासी हा घोडा पाहण्यास जातात. आम्ही मात्र आज वाचकांस डिडकॉटपासून तीन-चार मैलांवरच्या, टेम्स नदीच्या परिसरांतील लाँग विटनहॅम या लहानशा गांवीं नेणार आहों. कारण तेथील एका इमारतींत हेंच खोरें, त्यांतील घरें, बागा, वाटा आणि त्यांतून धांवणारी आगगाडी यांसह, कांचेपलीकडे मांडून ठेविलेलें आहे.

या संग्रहालयाचें नांव पेंडन. येथें एका फुटाला चार मिलिमीटर असें प्रमाण धरिलेलें आहे. म्हणजे प्रत्येक वस्तु मुळाच्या शहात्तराव्या हिश्शाएवढी. सहा फूट उंचीचा मनुष्य या हिशेबानें २४ मिलिमीटरांचा, जवळजवळ इंचभर, होतो. साठ फुटी डबा वीतभर होतो. आणि सबंध मैल २१ मीटरांत बसतो. इतक्या लहान मानाच्या वस्तूंना 'खेळणीं' म्हणून आपण सहज मोकळे होतों. पण पेंडन पाहून बाहेर पडणाऱ्याच्या तोंडीं तो शब्द येत नाहीं. तेथील एखाद्या झोंपडीसमोर उभें राहिलें म्हणजे तिच्या लहानपणापेक्षां तिच्या जुनेपणाचेंच अधिक नवल वाटतें. छपराचा कणा वयोमानानें किंचित् वांकला असेल तर तो तसाच वांकलेला आहे. भिंतीचा रंग पावसानें उतरला असेल तर तो तसाच उतरलेला आहे. परसांत भाजीचे वाफे ओळीनें लावलेले आहेत, आणि कुंपणावर वेल चढला आहे. घरांत कोणी तरी आतांच चूल पेटवून गेलें असावें, असा भास होतो.

या उद्योगाचे मूळ पुरुष रॉय इंग्लंड. आडनांव इंग्लंड, पण हे गृहस्थ ऑस्ट्रेलियांतले. १९२५ सालीं ते विलायतेस आले, आणि या खोऱ्यानें त्यांच्या मनाला अशी कांहीं भुरळ घातली कीं, पुढील सारें आयुष्य त्यांनीं त्याच्याच पायीं वेंचलें. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचें त्यांना मोठें वेड होतें. परंतु खेड्यापाड्यांतून हिंडतांना एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत येऊं लागली. पिढ्यान् पिढ्या शाकारून राखलेलीं गवती छपरें एकामागून एक उतरत होतीं, आणि त्यांच्या जागीं गुलाबी रंगाचीं अस्बेस्टॉसचीं कौलें चढत होतीं. ज्याच्या डोक्यावर पाऊस गळतो त्याला जुन्या छपराचें सौंदर्य समजावून सांगणें सोपें नसतें. मुळांतील घरें राखणें आपल्या हातचें नाहीं हें ओळखून, निदान त्यांची हुबेहूब प्रतिकृति तरी करून ठेवावी, असा निश्चय त्यांनीं १९३० च्या सुमारास केला. १९५४ सालीं लाँग विटनहॅम येथें या कामाला स्वतःची जागा मिळाली. १९९५ सालीं रॉय इंग्लंड निवर्तले. पण काम थांबलें नाहीं. स्वयंसेवक तें पुढें चालवीत आले आहेत. आपल्याकडे पुण्यासातारच्या जुन्या वाड्यांचे चौक एकामागून एक नाहींसे होत असतां, फूटपट्टी व वही घेऊन त्यांचीं मापें टिपून ठेवणारे कितीसे निघाले, हा प्रश्न येथें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

घर करण्याची तेथील रीत ऐकण्यासारखी आहे. प्रथम मुळाच्या घराचीं मापें घ्यावयाचीं, छायाचित्रें काढावयाचीं, दगड कोणता व वीट कोणत्या रंगाची हें टिपून घ्यावयाचें. मग पुठ्ठ्याच्या भिंती कापून त्यांवर प्रत्येक विटेची रेघ दाबून उठवावयाची, आणि एकेक वीट जलरंगानें निराळी रंगवावयाची; कारण खऱ्या भिंतींत कोणत्याही दोन विटा एका रंगाच्या नसतात. गवती छपरासाठीं नळकाम करणारे लोक सांध्यांना गुंडाळतात तसले तागाचे धागे घेऊन, ते जुडी जुडीनें चिकटवीत, शाकारणारा कारागीर चढतो त्याच क्रमानें खालून वर जावयाचें. एका घरास असे शेंकडों तास लागतात. अशा घरांचें मिळून जें गांव तेथें वसविलें आहे त्याचें नांव 'पेंडन पार्व्हा'. हें गांव नकाशावर सांपडणार नाहीं, पण त्यांतील घरें मात्र खोऱ्यांतील खऱ्याखुऱ्या घरांवरून घेतलेलीं आहेत.

आतां आगगाडीकडे वळूं. पेंडनच्या दुसऱ्या एका देखाव्यांत डार्टमूरचा डोंगराळ भाग दाखविला आहे, आणि त्यांत ब्रुनेलच्या धर्तीचा एक उंच लांकडी पूल आहे. त्यावरून ज्या गाड्या जातात त्या १९२० ते १९४० च्या दरम्यान त्या मुलुखांत जात असत तशाच, त्याच रंगाच्या व त्याच क्रमानें जोडलेल्या डब्यांच्या आहेत. त्यांचीं पुष्कळशीं इंजिनें गाय विल्यम्स या कसबी कारागिरानें पितळ व इतर धातूंचे पत्रे कापून, कानशीनें घासून व डाख देऊन घडविलीं. प्रथमच येणाऱ्या मुलांची येथें थोडी निराशा होते. कांचेला नाक लावून तीं उभीं राहतात, आणि गाडी मात्र येत नाहीं. मग ती येते, आणि तीही मुलांना हवी तशी भरधांव नव्हे. ताशीं साठ मैलांच्या खऱ्या वेगाला शहात्तरानें भागलें म्हणजे सेकंदास जेमतेम ३५ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत, इतकाच वेग उरतो. पण दोन-तीन गाड्या पाहून झाल्या म्हणजे मुलांचा चुळबुळाट आपोआप थांबतो. डोंगरांत उभें राहून लांबच्या गाडीची वाट पाहावी, तसें तीं पाहूं लागतात.

याच संग्रहालयांत 'मॅडर व्हॅली' नांवाचा आणखी एक जुना लोहमार्ग जपून ठेविला आहे. लंडनचे जॉन अहर्न यांनीं तो दुसऱ्या महायुद्धापूर्वीं आपल्या घरीं रचावयास आरंभ केला. त्या काळीं बहुतेक हौशी लोकांचें लक्ष इंजिनावर व रुळांवर असे. रुळांच्या दोहों बाजूंस काय आहे याची फिकीर कोणी फारशी करीत नसे. अहर्न यांनीं रुळाभोंवतीं दुकानें, गल्ल्या, गोदी, टेकड्या उठवून एक आटोपशीर प्रांतच उभा केला, आणि आगगाडीला जावयास कोठें तरी जागा व येण्यास कांहीं तरी कारण हवें, हें इतरांना दाखवून दिलें.

या छंदांतील लोक सत्याचे किती हट्टी असतात हें पाहावयाचें असेल तर 'सात इंचां'ची हकीकत ऐकावी. खऱ्या रुळांमधील अंतर विलायतेंत चार फूट साडेआठ इंच असतें. युरोपांत फुटाला साडेतीन मिलिमीटर हें प्रमाण रूढ झालें, आणि त्यास अनुसरून रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर ठेवण्यांत आलें. तें बरोबर होतें. पण इंग्लंडांतील खरीं इंजिनें मुळांतच अंगानें लहान. त्या मापाच्या प्रतिकृतींत त्या वेळच्या विजेच्या मोटारी मावेनात. म्हणून तेथील कारखानदारांनीं इंजिनाचें अंग फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणानें मोठें केलें, पण रूळ मात्र १६.५ मिलिमीटरांचेच ठेविले. हिशेब केला तर हें अंतर चार फूट दीड इंच भरतें. म्हणजे गाडी सात इंच अरुंद रुळांवर चालते! शंभरांतील नव्याण्णवांना हें दिसतही नाहीं. ज्यांना दिसलें त्यांना मात्र झोंप येईना. कोणी १८ मिलिमीटरांचे रूळ टाकले. तरीही दोन-अडीच इंचांची उणीव राहिली म्हणून कोणी पुढें १८.८३ मिलिमीटरांपर्यंत गेले. त्यासाठीं प्रत्येक इंजिनाचीं चाकें काढून नवीं बसवावीं लागतात आणि प्रत्येक सांधा हातानें तयार करावा लागतो. पेंडनचे रूळ १८ मिलिमीटरांचे आहेत.

गाडी चालते ती विजेवर. घरांतील वीज यंत्रानें उतरवून बारा व्होल्टपर्यंत आणतात व रुळांत सोडतात. चाकांच्या द्वारां ती इंजिनांतील मोटारीस पोंचते. विजेची दिशा उलटली कीं गाडी उलट चालते. दोन इंजिनें स्वतंत्रपणें चालवावयाचीं असल्यास रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकास निराळी कळ ठेवावी लागे. अलीकडे प्रत्येक इंजिनांत एक सूक्ष्म यंत्र बसवून त्यास क्रमांक देतात, आणि त्या क्रमांकाला उद्देशून हुकूम सोडला कीं तेवढेंच इंजिन तो पाळतें. पण यंत्र कितीही सुधारलें तरी धूळ सुधारत नाहीं. रुळांवर किंवा चाकांवर काजळीचा एक थर बसला कीं गाडी आचके देऊं लागते. म्हणून जाणता छांदिष्ट मित्रांना बोलावण्यापूर्वीं तासभर फडकें घेऊन रूळ पुशीत असतो. पावसाळ्यांत फळ्या फुगतात, उन्हाळ्यांत आकसतात, आणि काल सरळ असलेला रूळ आज डबा पाडतो. घर चालविणाऱ्या गृहिणीला यांत नवें कांहीं वाटणार नाहीं; आदल्या दिवशीं केलेलें काम दुसऱ्या दिवशीं पुन्हा करावें लागतें, हा अनुभव तिचा रोजचाच आहे.

इतका खटाटोप करून हे लोक शेवटीं करतात तरी काय? गाडी गोल गोल फिरवितात, असा सामान्य समज आहे. गोल फिरणाऱ्या गाडीचा आनंद अर्धा तास टिकतो. ज्यांचा छंद चाळीस वर्षें टिकला त्यांनीं ती नुसती फिरविली नाहीं, चालविली. अमेरिकेंतील फ्रँक एलिसन या गृहस्थांनीं १९४४ सालीं लिहिलेल्या एका लेखमालेंत या चालविण्याला नाटकाची उपमा दिली. भोंवतालचा देखावा ही रंगभूमि, गाड्या हीं पात्रें, आणि वेळापत्रक हें कथानक. ही उपमा पुढें फार मान्य झाली, आणि ती खोटी नाहीं. पात्रानें रंगभूमीवर येण्यास कारण लागतें, तसें गाडीनें स्टेशनांत येण्यासही लागतें. येथें दूध उतरावयाचें आहे, तेथें कोळशाच्या रिकाम्या वाघिणी उचलावयाच्या आहेत, जलद गाडी मागून येत आहे म्हणून मालगाडीला बाजूच्या रुळावर घ्यावयाचें आहे.

यासाठीं त्यांनीं दोन मोठ्या चतुर युक्त्या काढल्या आहेत. पहिली घड्याळाची. दोन स्टेशनांमध्यें खरें दहा मैलांचें अंतर दाखवावयाचें तर शहात्तरांशानें देखील २१० मीटर जागा पाहिजे, आणि इतका मोठा दिवाणखाना कोणाचा असणार! म्हणून अंतर आंखडतें घेतात आणि त्याच्याबरोबर घड्याळ पळवितात. सहापट वेगानें चालणाऱ्या घड्याळावर चार तासांत सबंध दिवस होतो. पहांटेची दुधाची गाडी व मध्यरात्रीची टपाल गाडी एकाच बैठकींत सुटते. दुसरी युक्ति पत्त्यांची. प्रत्येक वाघिणीच्या नांवाचें एक कार्ड असतें, त्याला छोटासा खिसा असतो, आणि खिशांत माल कोठून कोठें जावयाचा याची चिठ्ठी असते. गाडी चालविणारा ती चिठ्ठी पाहून वाघीण योग्य ठिकाणीं सोडतो. बैठक संपली कीं चिठ्ठी उलटून ठेवतात, आणि पुढच्या वेळीं त्याच वाघिणीला नवीन काम लागतें. यामुळें कोणतीही बैठक मागच्यासारखी होत नाहीं.

इंग्लंडांतील जाणत्या लोकांना याहूनही प्रिय आहे ती घंटा. खऱ्या लोहमार्गावर एका केबिनमधून दुसरीकडे गाडी धाडावयाची तर घंटेच्या ठोक्यांनीं परवानगी मागावी लागे. आधीं एक ठोका: लक्ष द्या. पलीकडून एक ठोका परत आला म्हणजे कोणी तरी जागेवर आहे असें समजावयाचें. मग जलद उतारू गाडीसाठीं चार ठोके. साध्या गाडीसाठीं तीन, थोडा विराम, आणि एक. मार्ग मोकळा असेल तर पलीकडचा मनुष्य तेच ठोके परत देतो. आपल्या स्टेशनमास्तरांच्या बोलण्यांतील 'लाईन क्लिअर' तें हेंच. गाडी हद्दींत शिरली कीं दोन ठोके. शेवटच्या डब्याचा दिवा डोळ्यांनीं पाहून ती बाहेर पडल्याची खात्री झाली कीं पलीकडून दोन, विराम, आणि एक. घरांतील दोन टोकांना दोन माणसें बसून तासन् तास हा संवाद चालवितात. तोंडानें एक शब्द बोलत नाहींत, आणि तरी दोघांचें लक्ष एकमेकांकडे असतें.

रेव्हरंड पीटर डेनी नांवाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक या पंथांतले फार मोठे अधिकारी होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीं बकिंगहॅम येथें येणारा एक काल्पनिक फांटा आपल्या घरीं रचला. त्याचा काळ १९०७ चा धरला होता, आणि बरेचसें काम त्यांच्या स्वतःच्या हातचें होतें. पलीकडच्या स्टेशनावर त्यांचा मुलगा क्रिस्पिन बसे. मुलें मोठीं होतात, त्यांना दुसरीं कामें लागतात. पलीकडची जागा रिकामी पडूं लागली. तेव्हां डेनी यांनीं एक यंत्र तयार केलें. घंटेचे ठोके ऐकून तें उत्तराचे ठोके देई आणि पलीकडच्या स्टेशनाचें काम पाही. त्याचें नांव त्यांनीं ठेविलें 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. ही गोष्ट छंदाच्या इतिहासांत गंमत म्हणून सांगतात, आणि ती गंमत आहेही. पण ज्या घरांत मुलगा शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं परगांवीं गेला आहे, त्या घरच्या वडील माणसांना या यंत्राच्या नांवांत आणखीही कांहीं ऐकूं येईल. डेनी यांच्या पश्चात् तो लोहमार्ग जाणत्या माणसाच्या हातीं गेला, आणि पुन्हा चालूं लागला.

सर्वांच्याच वाट्याला हें भाग्य येत नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथें जॉन ॲलन नांवाचे छायाचित्रकार राहत. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, दऱ्या व त्यांवरचे झुलते पूल असा त्यांचा 'गोरी अँड डिफीटेड' लोहमार्ग जगभरच्या छांदिष्टांना छायाचित्रांवरून पाठ झाला होता. त्याचें नांव म्हणजे 'रक्तबंबाळ व पराभूत' अशा अर्थाची एक शाब्दिक कोटी. गृहस्थ मोठे विनोदी. डबे इकडून तिकडे ढकलण्याचें काम त्यांनीं एकदां इंजिनाऐवजीं एका प्रागैतिहासिक सरड्याच्या पुतळ्याकडे दिलें होतें. त्यांच्याकडे मित्रमंडळी नियमानें जमत, आणि घड्याळ लावून गाड्या चालवीत. ६ जानेवारी १९७३ रोजीं ॲलन हृदयविकारानें वारले. त्यानंतर सुमारें दहा दिवसांनीं घराला आग लागून तो लोहमार्ग बहुतेक सर्व जळून गेला. उरलीं तीं छायाचित्रें, आणि त्या मित्रांच्या आठवणी.

असल्या उद्योगाचा उपयोग काय, असा प्रश्न आपल्याकडे कोणी तरी विचारणारच. त्याला तयार उत्तर आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठांत १९४६ सालीं विद्यार्थ्यांनीं आगगाडीच्या प्रतिकृतींचा एक क्लब काढला. फळीच्या वर ज्यांचें मन रमे ते देखावे करीत. ज्यांचें खालीं रमे ते टेलिफोनच्या जुन्या सामानांतून सांधे व सिग्नल चालविण्याचें जाळें विणीत. १९६० च्या सुमारास यांतलेच कांहीं विद्यार्थी विद्यापीठांतील पहिल्यावहिल्या संगणकांकडे वळले, आणि संगणकाच्या इतिहासांत त्यांचें नांव झालें. हें खरें असलें तरी आमच्या मतें छंदाची बाजू मांडण्यास असल्या फायद्याचा आधार घेणें बरें नव्हे. पेटी वाजविणाऱ्याला आपण उपयोग विचारीत नाहीं. ज्या कामांत मनुष्य पूर्ण लक्ष घालतो, ज्यांत लबाडी चालत नाहीं, आणि जें पाहून शेजाऱ्याला आनंद होतो, तें काम सुसंस्कृत घरांत शोभावें इतकें पुरेसें आहे.

हेंच काम फार मोठ्या प्रमाणावर पाहावयाचें असेल तर जर्मनींतील हँबुर्ग येथें जावें. बंदरालगतच्या जुन्या वखारींच्या भागांत फ्रेडरिक व गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनीं २००१ सालीं 'मिनिआटुर वुंडरलँड' उघडलें. तेथें सत्त्याऐंशीव्या हिश्शाचें प्रमाण आहे. आल्प्सचे डोंगर, स्कँडिनेव्हियांतील खऱ्या पाण्याचा समुद्र, इटलींतील शहरें, आणि २०११ सालीं उघडलेला विमानतळ, असें सारें जग तेथें दालनादालनांतून पसरलें आहे. दर पंधरा मिनिटांनीं दिवस मावळतो आणि लक्षावधि दिवे लागतात. रस्त्यांवरून मोटारी आपोआप धांवतात, आणि आग विझविणारे बंब घंटा वाजवीत निघतात. शेंकडों गाड्या संगणक चालवितो, व मधल्या दालनांत बसलेले लोक त्यांवर नजर ठेवितात. पाहून छाती दडपते. पण तेथें आपण प्रेक्षक असतों, आणि पलीकडे आपल्या ठोक्याची वाट पाहणारें कोणी नसतें. म्हणून या लेखांत हँबुर्गपेक्षां पेंडनलाच आम्हीं अधिक जागा दिली.

आपल्या महाराष्ट्रालाही या बाबतींत खालीं पाहण्याचें कारण नाहीं. पुण्यांत कोथरूड येथें भाऊ जोशी यांनीं, स्वतःचा व्यवसाय सांभाळून, वर्षानुवर्षें जमविलेल्या व घडविलेल्या गाड्यांचा एक संपूर्ण लोहमार्ग उभारला, आणि १९९८ सालीं तो संग्रहालय म्हणून सर्वांस खुला केला. वाफेचीं इंजिनें, विजेच्या जलद गाड्या, दोरखंडानें चढणारी डोंगरी गाडी, स्टेशन, पूल, सर्कस, रात्रीचे दिवे, असें नांदतें शहर तेथें आहे. घराच्या माळ्यावर राहतां राहिलें असतें तें आज शाळेचीं मुलें येऊन पाहतात. सुटीत पुण्यास जाणाऱ्या कुटुंबांनीं शनिवारवाडा व पर्वती यांच्या जोडीला हेंही ठिकाण यादींत घालावें.

पण पाहण्यापेक्षां करण्यांत सुख अधिक. त्यासाठीं मोठा दिवाणखाना लागत नाहीं, कीं पुष्कळ पैसाही लागत नाहीं. जॉन ॲलन यांनींच आंखलेलें एक कोडें या छंदांत प्रसिद्ध आहे. एका फळीवर पांच सांधे, एक इंजिन आणि मूठभर वाघिणी. एवढ्यावरून प्रत्येक वाघीण नेमून दिलेल्या जागीं कमींत कमी वेळांत पोंचवावयाची. रूळ आंखूड ठेवलेले असल्यामुळें एक वाघीण हालवावयाची तर दुसरी तीन वाटेंतून बाजूला काढावी लागते. पाहणाऱ्याला सोपें वाटतें, आणि हात घातला कीं अर्धा तास जातो. ज्या घरांत आजोबांचें निवृत्तीचें वय आणि नातवंडांची सुटी एकाच वेळीं येऊन पडली आहे, तेथें अशी एक फळी करावी. रंग व पुठ्ठा मुलांनीं व मुलींनीं मिळून सांभाळावा, डाख देण्याचें काम काकांनीं करावें, वेळापत्रक आजीनें लिहावें; घरांतील कोणती गाडी केव्हां सुटते व कोणामुळें खोळंबते हें तिच्याइतकें कोणाला ठाऊक असणार? पुढें फळीला फळी जोडून दोन स्टेशनें झालीं म्हणजे प्रत्येकावर एकेक माणूस बसवावा, आणि मध्यें एक लहानशी विजेची घंटा लावून द्यावी. पहिला ठोका मात्र वडील माणसानें द्यावा, आणि उत्तर येईपर्यंत गाडी सोडूं नये.